सेनापतीच्या घरी झेंडूचा हार

न्यूयॉर्कमध्ये एक मोठी नारिंगी बोट आहे, तिला तिकीट लागत नाही. मॅनहॅटनच्या टोकापासून स्टेटन आयलंड नावाच्या बेटापर्यंत ती दिवसभर ये-जा करते. वाटेत स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, म्हणून पर्यटक तिच्यात बसतात. बेट आलं की सगळे उतरतात, धक्क्यावरूनच वळसा घालतात आणि परतीच्या बोटीसाठी रांगेत उभे राहतात. बेटावर काय आहे हे बघायला फार कोणी थांबत नाही. गेल्या नोव्हेंबरात मी त्या बेटावर जाऊन आले. मी टेक्सासमध्ये शिकते. परतल्यावर तिथल्या मैत्रिणींनी विचारलं, न्यूयॉर्कला जाऊन काय पाहिलंस, तर मला नीट सांगता आलं नाही. टाइम्स स्क्वेअर राहून गेला होता. त्या उंच इमारतीवरही चढले नाही. जे पाहिलं ते सांगायला आमच्या गावापासून सुरुवात करावी लागते, आणि तेवढा वेळ कोणाकडे नसतो. म्हणून लिहून काढते आहे.

माझे मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, आमच्या गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. आता निवृत्त झालेत, पण किल्ली अजून त्यांच्याच खिशात असते. गाव बार्शीच्या पलीकडे, तासाभरावर. पूर्वी बार्शी इंग्रजांची आणि आमचं गाव निजामाचं, मधे हद्द. देश स्वतंत्र झाला तेव्हा आमच्या गावाला आणखी वर्षभर थांबावं लागलं. वाचनालय त्या काळातलं आहे. कोणीतरी बार्शीला जाऊन वर्तमानपत्र आणायचं आणि दार लावून बाकीच्यांनी ते ऐकायचं. तुकड्यांत पडलेला देश जोडता येतो, याचा दाखला त्या माणसांना कुठून तरी हवा होता. तो त्यांना इटलीच्या गोष्टीत सापडला. म्हणून वाचनालयाच्या भिंतीवर, महाराजांच्या तसबिरीशेजारी, एक गोरा दाढीवाला आहे. अंगात लाल सदरा, कमरेला रुंद पट्टा, हातात तुतारी. इटली एक करणारा सेनापती. मामांच्या गुरुजींनी ती तसबीर बार्शीच्या जुन्या बाजारातून आणली होती.

त्याचं नाव मला पुढे शाळेत इतिहासाच्या पुस्तकात दिसलं. वाचनालयात मात्र ते कोणी घेत नसे, कुणाच्या जिभेवर ते नीट बसलंच नाही. सगळे सेनापतीच म्हणत. मीही इथे तेच म्हणणार आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. दोन खोल्या, एकीत वडिलांचं शिलाईचं मशीन, गिऱ्हाइकांची ये-जा. अभ्यासाला जागा नाही, म्हणून आई मला दुपारी वाचनालयात पाठवायची. तिथे उन्हाळ्यातसुद्धा गार असायचं. लाकडी काठ्यांना अडकवलेली वर्तमानपत्रं, कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास, आणि चार वाजले की मामांचा स्टोव्हवरचा चहा. चहा उकळेपर्यंत मामा आम्हा पोरांना सेनापतीची गोष्ट सांगत. तो रोममध्ये लढला आणि हरला. पळापळीत बायको दगावली, लेकरं मागे राहिली. मग तो आगबोटीने अमेरिकेला गेला. "तिथं जाऊन त्यानं काय केलं असंल?" असं विचारून मामा थांबायचे. आम्हाला उत्तर पाठ होतं, तरी आम्ही गप्प बसायचो, कारण ते मामांनी सांगायचं असे. "मेणबत्त्या केल्या," मामा म्हणायचे, आणि चहा गाळायला घ्यायचे.

गावातली मोठी माणसं यावर हसायची. मामांना गावात नाना म्हणतात. नाना मनानेच गोष्टी जोडतात, म्हणायची. सेनापती कुठं मेणबत्त्या करत असतोय?

गेल्या दिवाळीत मामांचा फोन आला. वाचनालयाची नवी समिती आली होती. अध्यक्ष बप्पा, बांधकामाची कामं घेणारा, माणूस वाईट नाही. त्याला भिंती रंगवायच्या होत्या, टीव्ही लावायचा होता, आणि रंगाच्या निमित्ताने तो गोरा खाली उतरवायचा होता. हा कोण, कुठला, आपला काय संबंध, असं त्याने बैठकीत विचारलं. मामांनी मेणबत्त्यांची गोष्ट सांगितली, तर पोरं हसली. पुढची बैठक नोव्हेंबरअखेरच्या रविवारी होती, तिच्यात निर्णय होणार होता.

"तू तिकडंच आहेस ना?" मामा म्हणाले. "त्याचं घर आहे म्हणे तिथं अजून. जाऊन एक हार घाल. फोटो पाठव. बाकीचं मी बघतो."

ते घर न्यूयॉर्कच्या त्या बेटावर, टेक्सासपासून किती लांब आहे हे मी त्यांना सांगायला गेले. आपल्या गावाहून काश्मीर असेल तेवढं, म्हटलं. "मग काय," मामा म्हणाले, "लोक काश्मीरला जात नाहीत का?" मामांनी माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नव्हतं. मला दहावीनंतर शिकवावं की नाही यावर घरात बोलणं चाललं होतं, तेव्हा तेच वडिलांसमोर तीन संध्याकाळी येऊन बसले होते. मी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतलं विमान बघितलं.

जर्सी सिटी

माझी खोलीतली मैत्रीण पुण्याची. तिची मावशी जर्सी सिटीत राहते, हडसन नदीच्या काठी एका उंच इमारतीत. मावशींनी मला आधी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी स्टेशनवर घ्यायला आल्या आणि माझी बॅग स्वतःच ओढायला लागल्या. खिडकीतून नदीपलीकडे मॅनहॅटन दिसतं. काका रोज तिकडे आगगाडीने कामाला जातात, नदीच्या पोटातल्या बोगद्यातून. ते ऐकून मला नवल वाटलं, पण मी दाखवलं नाही.

गुरुवारी थँक्सगिव्हिंग. इथे त्या दिवशी टर्की भाजतात आणि लाल भोपळ्याचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ करतात. मावशी भोपळा आणतात खरा, पण त्याचे घारगे तळतात. "भोपळा तो भोपळाच," त्या म्हणाल्या. त्यांची मुलगी रिया बारावीत आहे. तिने घारग्यावर मेपलचा पाक ओतला आणि मला म्हणाली, ट्राय कर. वाईट लागला नाही.

शुक्रवारी मी न्यूअर्क अव्हेन्यूवर हार आणायला गेले. तिथे एक अख्खा रस्ता आपल्या लोकांच्या दुकानांचा आहे, कढीपत्त्यापासून कुंकवापर्यंत सगळं मिळतं. फुलांच्या दुकानातल्या गुजराती काकांनी विचारलं, मूर्ती केवढी आहे? मला माहीत नव्हतं. कोणत्या देवाची? मी म्हटलं, देव नाही, सेनापती आहे. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि सगळ्यात लांब झेंडूचा हार काढून दिला.

तो हार मी रात्री फ्रिजमध्ये ठेवायला काकांच्या हातात दिला, आणि काकांनी काळजीने तो वरच्या फ्रीझरमध्ये ठेवला. शनिवारी सकाळी काढला तेव्हा हार काठीसारखा उभा राहिला.

"अहो, कोथिंबीर तरी ठेवता का कधी तिथे?" मावशी म्हणाल्या.

"फ्रेश राहील म्हटलं," काका म्हणाले.

रियाने त्याला हीटरसमोर धरलं. हार सैल झाला, पण बऱ्याच फुलांच्या कडा काळ्या पडल्या. मला रडू यायला लागलं होतं. मावशींनी कात्री घेऊन सगळ्यात खराब फुलं काढली, हार छोटा करून पुन्हा बांधला, आणि रियाला सांगितलं की हिच्याबरोबर तू जा. रियाला कॉलेजच्या अर्जासाठी निबंध लिहायचा होता आणि तो तिला टाळायचाही होता, त्यामुळे ती लगेच तयार झाली.

बेटावर

बोटीवर वारं फार होतं. सगळे पुतळ्याच्या बाजूला गर्दी करून फोटो काढत होते, आम्ही दुसऱ्या बाजूला रिकाम्या बाकावर बसलो. हाराची पिशवी मी मांडीवर धरली होती. मी रियाला सेनापतीची गोष्ट मामा सांगत तशी सांगितली. मधेच थांबून विचारलं, तिथे जाऊन त्याने काय केलं असेल?

"स्टार्ट-अप?" रिया म्हणाली.

बेटावर उतरल्यावर बस. आम्ही आधी चुकीच्या बसमध्ये बसलो आणि एका शाळेच्या मैदानापाशी उतरून मागे चालत आलो. न्यूयॉर्क म्हणजे उंच इमारती असं मला वाटत होतं. इथे बैठी घरं होती, अंगणात पानांचे ढीग, कुंपणावर वाळत घातलेल्या सतरंज्या. एका म्हाताऱ्याने अंजिराचं झाड थंडीसाठी पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं, डोक्यावर पालथी बादली. बेटावर इटलीहून आलेल्या लोकांची बरीच घरं आहेत, अंजीर त्यांनीच आणलं, असं पुढे कळलं.

सेनापतीचं घर विटांच्या घरांमधे एकटं लाकडाचं आहे. पांढरं, दुमजली, टोकदार खिडक्यांचं. ते घर त्याचं नव्हतंच. त्याच्या देशातला एक कारागीर मित्र तिथे राहायचा, त्याने सेनापतीला ठेवून घेतलं होतं. आता तिथे छोटं संग्रहालय आहे.

दारात मी नकळत बूट काढले. आत एक बाई होत्या, सत्तरीच्या, गळ्यात चष्मा लटकवलेला. त्या म्हणाल्या, काढायची गरज नाही. मी म्हटलं, चालेल. त्यांनी माझ्या मोज्यांकडे पाहिलं आणि आमच्यामागचा हीटर वाढवला. त्यांचं नाव रोझ. त्या तिथे हौसेने काम करतात. दाराशी खुर्चीत त्यांचे यजमान फ्रँक पेपर वाचत बसले होते. त्यांना इतिहासात रस नाही, पण बायकोला गाडीतून आणायला-न्यायला येतात. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं, मी मराठीत लिहिते आहे.

रोझबाईंनी आम्हाला खोल्या दाखवल्या. वरची त्याची खोली, अरुंद पलंग. तो इथे आला तेव्हा सांधे इतके धरले होते की त्याला बोटीतून उचलून उतरवलं होतं. काचेत एक लाल सदरा होता, विटून विटकरी झालेला. आणि मेणबत्त्या. खरोखरच मेणबत्त्या. चरबी वितळवायची आणि वाती बुडवायच्या, हे काम तो त्या मित्राबरोबर करायचा. त्याला ते जमायचं नाही आणि आवडायचंही नाही, असं रोझबाई म्हणाल्या. एकदा तो कंटाळून बंदरावर गेला आणि जहाजावर काम मागितलं. कोणी दिलं नाही. मग म्हणाला, पैसे नकोत, माल उतरवायला मदत करतो, तेवढीच ऊब. तेही नको म्हणाले. तो परत आला आणि पुन्हा मेणबत्त्या करायला बसला.

ही बंदरावरची गोष्ट मामांना माहीत नव्हती. मला एकदम वाटलं, आता जाऊन त्यांना सांगावं, स्टोव्हवर चहा असताना. गेल्या उन्हाळ्यात मी इंटर्नशिपसाठी अर्ज करत होते आणि उत्तरंही येत नव्हती. शेवटी एका प्राध्यापकांना म्हटलं होतं की मी बिनपगारी करते. नियमात बसत नाही, ते म्हणाले. ते मी घरी सांगितलेलं नव्हतं.

खालच्या खोलीत सेनापतीचा अर्धपुतळा होता. मी पिशवीतून हार काढला आणि विचारलं, घालू का?

रोझबाईंचा चेहरा पडला. ओली फुलं, रंग, जुना दगड. परवानगी नव्हती. त्यांनी इतक्या वाईट वाटून नाही म्हटलं की मलाच संकोच वाटला. मग त्यांनी विचारलं, टेक्सासमध्ये शिकणारी मुलगी याच्यासाठी फुलं का घेऊन आली? मी जमेल तसं सांगितलं. वाचनालय, बार्शी, मामा, रविवारची बैठक. आमच्याकडे त्याची तसबीर आहे, दरवर्षी हार घालतात, म्हटलं, आणि मामांनी पाठवलेला फोटो फोनवर दाखवला.

रोझबाईंनी चष्मा लावला. फोटो मोठा केला. मग फोन फ्रँकना नेऊन दिला.

फ्रँकनी पेपर खाली ठेवला. "हा तर फायरमन आहे," ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतात. ते उठून उभे राहिले आणि बोट ठेवून एकेक दाखवायला लागले. इथले जुने आग विझवणारे लोक लाल सदरा घालायचे. हा पट्टा त्यांचाच. आणि हातातलं ते पितळी, ज्याला आम्ही तुतारी म्हणत आलो, तो भोंगा. आगीच्या गोंधळात हुकूम ओरडून सांगायला बंबाच्या मुख्याच्या हातात असायचा. फ्रँक स्वतः न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, त्यांच्या ठाण्यात तसा एक भोंगा काचेत ठेवलेला होता. हे चित्र एखाद्या विमा कंपनीच्या कॅलेंडरचं असेल, ते म्हणाले, अशी पूर्वी खूप निघायची.

मी हात पुढे केला तरी त्यांनी फोन परत दिला नाही. "भारतात," ते म्हणाले, "एका गावात, दरवर्षी, फायरमनला फुलं घालतात?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"रोझ, ऐकलंस?" ते म्हणाले, आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

नंतर रोझबाईंनी आम्हाला मागच्या अंगणात नेलं. तिथे मेणबत्त्यांची चरबी वितळवायची मोठी लोखंडी कढई आहे. ही उघड्यावरच असते, हिला फुलांनी काही होणार नाही, त्या म्हणाल्या. आमच्याकडे दसऱ्याला वडील शिलाईच्या मशीनला हार घालतात, शेजारचे गवंडी थापीला आणि ओळंब्याला घालतात. म्हणून कढईला हार घालताना मला वेगळं काही करतो आहोत असं वाटलं नाही. रियाने फोटो काढला. हार आखूड झाल्यामुळे कढईच्या काठावर अर्धाच पुरला.

निघताना रोझबाईंनी घरी केलेली बिस्किटं दिली. तोंडात टाकल्यावर बडीशेपेची चव आली, अगदी आपली, जेवणानंतरची. आणि एक कार्ड दिलं, खऱ्या सेनापतीच्या फोटोचं, पोस्टकार्डाएवढं. त्यात तो म्हातारा आहे. खुर्चीत बसलेला, डोक्याला गोल टोपी, गुडघ्यांवर घोंगडीसारखं काही. हातात काठी.

परतीच्या बोटीवर ऊन उतरलं होतं. मामांना काय सांगायचं हे मला कळत नव्हतं. सांगितलं तर उद्याच्या बैठकीत त्यांच्या हातात काही उरणार नव्हतं. बप्पाचंच खरं, तो गोरा आपला कोणी नाही. नाही सांगितलं तर मामा उभे राहून, सगळ्यांसमोर, माझ्या भरवशावर खोटं बोलणार, आणि त्यांना ते ठाऊकही नसणार.

"जस्ट डोन्ट टेल हिम," रिया म्हणाली. "त्याला हॅपी राहू दे ना."

"त्यांना," मी म्हटलं.

"त्यांना हॅपी राहू दे. अँड ऑनेस्टली, हू विल नो?"

घरी मावशींचंही तेच मत पडलं. बैठक होऊन जाऊ दे, मग सावकाश सांग. काका म्हणाले, मी यात बोलत नाही, मी आधीच हार गोठवलाय.

मी मामांना फक्त कढईचा फोटो पाठवला.

रविवार

इथे सकाळ होती, गावाकडे संध्याकाळ. बैठकीला थोडा वेळ होता. मी खिडकीपाशी उभं राहून फोन लावला. मागे मामींचा आवाज येत होता, इस्त्रीचा सदरा कुठं ठेवलाय ते सांगत होत्या.

"बोल गं," मामा म्हणाले. "फोटो आला. कढई चांगली आहे. पण सेनापती कुठं दिसंना त्यात."

मी ठरवून ठेवलेलं वाक्य विसरले. "मामा," म्हटलं, "आपल्या भिंतीवरचा तो सेनापती नाही."

मग सगळं सांगितलं. फ्रँक, पट्टा, भोंगा. एका दमात, मधे न थांबता, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. मामा ऐकत होते.

"आग विझवायचा म्हणतेस?"

"हो."

"मग वाईट माणूस नव्हता," मामा म्हणाले. मग म्हणाले, "आणि आपला? आपला कसा दिसतो?"

कार्ड माझ्या हातातच होतं. मी बघून सांगितलं. खुर्चीत बसलाय. थकलेला वाटतो.

"तुतारी?"

"नाही."

"तलवार तरी?"

"नाही मामा. काठी आहे."

मग मी त्यांना बंदरावरची गोष्ट सांगितली, पैसे नकोत म्हणाला तरी काम दिलं नाही ती. ती सांगताना माझा आवाज बदलला असावा. मामांनी विचारलं, "तुझं बरं चाललंय ना तिथं?" मी म्हटलं, आता बरं आहे. उन्हाळ्यात नव्हतं.

"सांगायचंस की," मामा म्हणाले. "बरं, ते कार्ड पोस्टानं पाठव."

"बैठकीत काय सांगाल?"

"तू सांगितलंस तेच. ठेव आता, सदरा घालायचाय."

दिवसभर फोन आला नाही. संध्याकाळी काका-मावशींबरोबर नदीकाठी फिरायला गेले. सगळ्यांना माहीत होतं म्हणून कोणी विचारत नव्हतं. परतीच्या विमानात बसायच्या आधी मामांचा फोन लागला, तेव्हा तिकडे सोमवारची सकाळ झाली होती. ते चहा पीत होते.

बैठकीत मामा सगळ्यांच्या आधी उठले होते. म्हणाले, तो सेनापती नाही, फायरमन आहे, आमच्या गुरुजींची चूक झाली, माझीही झाली. पोरं हसली. मामा हसू संपेपर्यंत थांबले आणि मग त्यांनी खऱ्या सेनापतीची गोष्ट सांगितली, या वेळी बंदरासकट. शेवटही सांगितला, जो ते आम्हाला लहानपणी घाईत उरकायचे. देश जिंकून त्याने राजाच्या हवाली केला आणि स्वतः बियाण्याचं एक पोतं घेऊन एका बेटावर शेती करायला गेला. ज्या गावात तो जन्मला ते गाव तर शेवटी दुसऱ्याच देशात गेलं. आमचं गाव वर्षभर हद्दीपलीकडे राहिलेलं, त्यामुळे म्हाताऱ्यांना हे पटकन कळलं, मामा म्हणाले.

बप्पा म्हणाला होता, "नाना, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला काय कळणार होतं?"

"मी काय म्हणालो माहितेय?" मामांनी मला विचारलं आणि थांबले, चहा गाळायच्या आधी थांबायचे तसे. मी गप्प राहिले. "म्हणालो, माझ्या भाचीला कळलं होतं ना."

वाचनालयातल्या त्या खिळ्याला खरा सेनापती लावायचा, असं बैठकीत ठरलं. फायरमनला नगरपालिकेच्या बंबाच्या शेडमध्ये लावलं आहे. गावात एकच बंब आहे आणि त्याच्या ड्रायव्हरने तसबीर स्वतः मागून नेली. मी तो फोटो रोझबाईंना पाठवला, तर त्यांनी कळवलं की फ्रँकनी तो मोठा करून घेतला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असतात.

कार्ड पोचायला वेळ लागला. तोपर्यंत वाचनालय रंगवून झालं होतं. सेनापतीच्या खिळ्याला धक्का लावू नको, असं बप्पाने रंगाऱ्याला बजावलं होतं. रंगाऱ्याने ते बहुतेक जास्तच मनावर घेतलं. मामांनी पाठवलेल्या फोटोत सगळी भिंत पिस्ता रंगाची आहे, आणि मधे जुन्या तसबिरीएवढा चुन्याचा चौकोन तसाच सोडलेला. त्या चौकोनाच्या मधोमध खिळा, खिळ्याला छोट्या चौकटीत ते कार्ड. खाली मामांनी लिहिलं होतं, हार फार मोठा होतोय, तोंड झाकतं, म्हणून एकच फूल लावलंय.